मामांचा पंजा आणि अरुंद स्लाइड : ट्रॉम्बोन निवडीचं एक प्रकरण

माझे मामा साताऱ्याकडचे. पायदळाच्या एका रेजिमेंटल सेंटरच्या बँडमध्ये त्यांनी बावीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवला, म्हणजे स्लाइड (सरकती नळी) मागेपुढे करून सूर बदलायचं पितळी वाद्य. शिक्षण पंचमढीच्या लष्करी संगीत शाळेत झालं. निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले. आता वय सहासष्ट. मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते, आणि मीही तिथून दहा मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी मामा पाच महिन्यांसाठी तिच्याकडे आले, त्या मुक्कामातलं हे प्रकरण आहे. सविस्तर लिहितोय, कारण ट्रॉम्बोन निवडताना जे माप सगळ्यात शेवटी बघितलं जातं, तेच आम्हाला सगळ्यात आधी बघायला हवं होतं.

मी इथल्या एका हौशी बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदात, वाजवतो. त्या उन्हाळ्यात आमचा दुसरा ट्रॉम्बोनवाला गावाला गेला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. मी मामांना विचारलं. लष्करी मार्च आणि स्विंग यांत फरक आहे, पण ते स्वरलिपी वाचून वाजवणारे वादक. पहिल्याच रिहर्सलला बसले आणि निभावून नेलं. फक्त वाद्य चुकीचं होतं. मी त्यांना माझा मोठा ट्रॉम्बोन दिला होता : बाख कंपनीचा ४२, एफ-अटॅचमेंटचा (म्हणजे खालच्या स्वरांसाठी जादा नळ्यांचा), बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, १३.९ मि.मी., बेल, म्हणजे पुढचं रुंद तोंड, साडेआठ इंची. सिम्फनीसाठी उत्तम वाद्य. पण बिग बँडमध्ये सॅक्सोफोनच्या रांगेमागून जो धारदार, पटकन सुटणारा आवाज लागतो, तो त्यातून काढायला दमसास दुप्पट खर्च होतो. तासाभरात मामांचा चेहरा लाल व्हायचा. शिवाय अटॅचमेंटच्या नळ्यांचं वजन डाव्या हातावर यायचं ते वेगळंच.

म्हणून ठरलं, छोट्या बोअरचं वाद्य घ्यायचं. ते मामा परत जाताना पुण्याला घेऊन जाणार. सेकंडहँड चालेल, वापर आयुष्यभराचा.

बोअर म्हणजे स्लाइडच्या आतल्या नळीचा आतला व्यास. टेनर ट्रॉम्बोनमध्ये साधारण १२.२ पासून १३.९ मि.मी.पर्यंत मापं सापडतात. फरक दीड-पावणेदोन मिलिमीटरचा, पण ओठांना आणि छातीला तो लगेच कळतो. किंग टू-बी हे या बाजूचं छोटं टोक : वरच्या नळीत १२.२, खालच्या नळीत १२.५, म्हणजे दुहेरी बोअर. स्विंगच्या काळातला ट्रॉम्बोनवादक टॉमी डॉर्सी याच्या नावाशी जोडलं गेलेलं वाद्य. कॉन सिक्स-एच १२.७ चा. किंग थ्री-बी १२.९ चा, आठ इंची बेलचा, जॅझ ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन वर्षानुवर्षं वाजवत तो. विद्यार्थ्यांसाठीचे बरेच ट्रॉम्बोनही १२.७ चेच असतात. मुंबईतल्या वाचकांसाठी : आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत ब्लास्को मोन्सोरात यांचा ट्रॉम्बोन ऐकला असेल, तर बँडच्या गर्दीतून एकटा ट्रॉम्बोन कसा सुटा उभा राहतो हे तुम्हाला सांगायला नको.

एवढा अभ्यास मी मन लावून केला. बोअर, बेल, धातू, सगळ्याची वही भरली. डाव्या हाताचा विचार त्यात कुठेच नव्हता.

पहिली खरेदी

जुलैत एक सुंदर वाद्य मिळालं. छोटं बोअर, छोटी बेल, लाख थोडी उडालेली, पण स्लाइड लोण्यासारखी. विकणाऱ्याच्या घरी मामांनी उभ्याने एक मार्च वाजवला. पाच मिनिटं असतील. आवाज असा आला की विकणाऱ्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मामा म्हणाले, "हे माझंच आहे रे." मी पैसे मोजले.

तीन आठवड्यांत चित्र पालटलं. रिहर्सलच्या मध्यंतरात मामा डावा हात मांडीवर उताणा ठेवून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, वय झालं." एकदा मी शेजारी बसून नीट पाहिलं. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, दुसऱ्या पेराखाली, नळीचा ठसा उमटला होता, लालबुंद आणि खोल. अनामिकेचं टोक पांढरं पडलं होतं. ते बोट अंगठ्याने चोळत होते आणि मला दिसू नये म्हणून वही आडवी धरली होती.

मामांच्या डाव्या करंगळीची गोष्ट अशी की बराकीत व्हॉलीबॉल खेळताना ती मोडली होती आणि जुळली ती वाकडीच. तळहात मुळात रुंद. शेतकरी घरातला, नांगर धरलेला पंजा. त्यात आता सांधे जाड झालेत.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू एवढा धावलास वाद्यासाठी. आणि आवाज चांगला आहे ना?"

आवाजही राहिला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मोबाइलवर घेतलेलं ध्वनिमुद्रण ऐकलं. लांब झेप असली, म्हणजे स्लाइडच्या सात जागांपैकी (पोझिशनपैकी) पहिलीवरून सहाव्या-सातव्यावर जायचं असलं, की नंतरचा स्वर चरचरत लागत होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तसं नव्हतं.

हात नेमका कुठे अडकतो

ट्रॉम्बोन न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. उजवा हात स्लाइड हलवतो, तो सगळ्यांना दिसतो. वाद्य उचलून धरतो तो डावा, एकटा. अंगठा बेलच्या भागातल्या आडव्या दांडीला अडकतो. तर्जनी वर माउथपीसच्या दांड्यावर टेकते. उरलेली तीन बोटं, म्हणजे मधलं, अनामिका आणि करंगळी, स्लाइडच्या वरच्या टोकाशी दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या दांडीभोवती मूठ वळतात. ही दांडी म्हणजे ब्रेस. वरची नळी आणि खालची नळी यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा, तेवढ्यात ही तीन बोटं एकाखाली एक बसायला हवीत.

या जागेला स्लाइडची रुंदी म्हणा. बोअरशी तिचं थेट नातं नाही. पण छोट्या बोअरची बरीच वाद्यं बांधताना नळ्याही जवळ आणलेल्या असतात. खालचा वळणाचा यू आकार लहान होतो, वाद्य आटोपशीर होतं, आणि अशी स्लाइड चपळ वाटते असं मानणारे वादक पुष्कळ आहेत. मोठ्या बोअरवर वाढलेला किंवा मोठ्या पंजाचा माणूस मात्र तिथे फसतो. करंगळीला जागा उरत नाही. मग ती खालच्या नळीवर चढते, नाहीतर नळीखाली लोंबते, नाहीतर मामांसारखी चिमटून आत बसते.

आवाज बिघडण्याचं कारणही यातच होतं. चिमटलेली मूठ घट्ट होते. घट्ट मुठीचं मनगट ताठ होतं. उजव्या हाताने स्लाइड झपकन बाहेर नेली की त्या झटक्याला डाव्या हाताने सैलपणे सामावून घ्यायचं असतं. ताठ मनगट तो झटका तसाच माउथपीसपर्यंत पोचवतं. माउथपीस ओठांवर केसभर सरकतो. तेवढं पुरतं. मामांचे ओठ, दमसास, कान, सगळं जागेवर होतं. वाद्याचा स्टँड, म्हणजे डावा हात, डगमगत होता एवढंच.

यावर एक रास्त शंका मामांनीच काढली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी जुना इंग्रजी धाटणीचा ट्रॉम्बोन वाजवला होता, आजच्या छोट्या बोअरपेक्षाही बारीक नळीचा. तेव्हा हात कसा दुखला नाही? माझं उत्तर असं : तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, सांधे बारीक होते, आणि मार्चमध्ये सलग वाजवणं कमी, खांद्याला वाद्य लावून चालणं जास्त. बिग बँडची रिहर्सल म्हणजे खुर्चीवर बसून दोन तास, आणि त्यातही विरामात वाद्य खाली न ठेवता पुढच्या ओळीची वाट बघत धरून बसणं.

उपाय जे पुरले नाहीत

आधी वाटलं, वाद्य तेच ठेवून हाताची सोय करू. डाव्या हातासाठी टेकू मिळतात. तळहातात रुतणारी छोटी दांडी असते, तिने वजन बोटांवरून तळव्यावर जातं. चामड्याच्या किंवा रबरी मुठीही मिळतात. दोन लावून बघितले. वजनाचा प्रश्न हलका झाला, हे खरं. ज्यांचं दुखणं वजनाचं आहे त्यांनी हे आधी करून बघावं, पैसे वाचतील. पण नळ्यांमधलं अंतर टेकूने वाढत नाही. रबरी मुठीने तर ते अजून कमी झालं.

मामांनी सुचवलं, बेल हीच ठेवू, स्लाइड दुसऱ्या वाद्याची लावू. सुचवणं बरोबर होतं, कारण दोन्ही भाग सुटे होतात. अडचण आट्यांची. कॉन, बाख, किंग, प्रत्येकाचा सांधा वेगळा, एकाची स्लाइड दुसऱ्याच्या बेलमध्ये सहसा बसत नाही. सांधा बदलून घेता येतो, पण ते काम आणि दुसरी स्लाइड मिळून खर्च दुसऱ्या सेकंडहँड वाद्याइतकाच. असलेली स्लाइड रुंद करणं म्हणजे दोन्ही ब्रेस आणि खालचं वळण नवं बनवणं, म्हणजे जवळपास नवी स्लाइडच. एडवर्ड्स किंवा शायर्ससारखे कारागीर स्लाइड आणि बेल वेगवेगळे निवडू देतात, आणि ज्याला परवडतं त्याने तिथेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला परवडणारं नव्हतं.

तेव्हा वाद्य विकायचं ठरलं. मामांना ते जड गेलं. दोन दिवस ते त्यावर वाजवत राहिले, मी काही बोललो नाही.

पुठ्ठ्याची पट्टी

या वेळी सुरुवात हातापासून केली. मामांनी डाव्या हाताची मूठ सैल वळली, जशी ट्रॉम्बोनवर वळतात तशी, हातात काही न धरता. तीन बोटांच्या मधल्या सांध्यांपाशी वरून खालपर्यंत कॅलिपर लावला. करंगळी जिथे वाकडी आहे तिथे ती बाहेर येते, तो उंचवटाही धरला. मग त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्या मापात एका पेन्सिलीच्या जाडीची भर घालून पट्टी कापली. भर यासाठी की बोटांना हलायला जागा हवी आणि दुसऱ्या तासाला बोटं थोडी फुगतात.

नियम एकच : ही पट्टी ब्रेसच्या बाजूला, दोन नळ्यांच्या आतल्या कडांमध्ये उभी बसली नाही, तर ते वाद्य तोंडाला लावायचं नाही.

हा नियम मी मुद्दाम कडक ठेवला. जुलैत आम्ही आवाजाच्या प्रेमात पडून फसलो होतो. वादकाला चांगला आवाज ऐकू आला की हाताची तक्रार तो ऐकत नाही, आणि मामांसारखा जुना शिपाई तर मुळीच नाही.

आधी माझ्याकडचीच दोन वाद्यं मोजली. बाख ४२ मध्ये पट्टी आरामात बसली, वर जागा उरली. विकायला काढलेल्या वाद्यात ती तिरकी करूनही जाईना. दोन्हींतला फरक ९ मि.मी. निघाला, म्हणजे साधारण अर्ध्या बोटाची जागा.

विक्रेत्यांना संदेश पाठवताना मी एकच प्रश्न विचारायला लागलो : वरच्या ब्रेसपाशी दोन नळ्यांमधली मोकळी जागा मोजून सांगाल का? कंपन्यांच्या माहितीपत्रकात बोअर आणि बेल ठळक छापलेली असते, हे माप क्वचितच. काहींनी उत्तर दिलं नाही. काहींनी आनंदाने फूटपट्टीसह फोटो पाठवला. मॉडेलचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. जुन्या वाद्यांमध्ये नावावर भरवसा ठेवून चालत नाही, आणि माझ्या मामांच्या पट्टीने तुमचा हात मोजला जाणार नाही. नाव वाचून घेऊ नका, माप विचारा.

एल्कहार्ट

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही गाडीने इंडियानातल्या एल्कहार्टकडे निघालो. अडीच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका. हे छोटं शहर पितळी वाद्यांचं माहेर आहे. सी. जी. कॉन यांनी १८७० च्या दशकात इथे कारखाना काढला आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे आपापली दुकानं थाटली. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट बाख यांनी सुरू केलेली कंपनी १९६१ मध्ये सेल्मर या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने घेतली आणि १९६५ मध्ये तिचं काम इथे आलं. मामांना मी हे सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे यांचं मेरठ." बँडवाल्यांना मेरठ म्हणजे जली कोठी, बँडची वाद्यं बनवणारी वस्ती, हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या लग्नाच्या वरातींमधली निम्मी पितळ तिथूनच आली आहे असं मामांचं म्हणणं.

त्या परिसरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे छोट्या बोअरचे तीन ट्रॉम्बोन होते. पहिल्यात पट्टी बसली नाही. मामांनी तो हातात घेतला, वजन बघितलं आणि न वाजवता परत ठेवला. त्या माणसाला नवल वाटलं. मी कारण सांगितल्यावर त्याने पट्टी मागून घेतली आणि स्वतःच्या मुठीला लावून बघितली.

दुसऱ्यात पट्टी सैल बसली. हा १३.३ मि.मी. बोअरचा, मधल्या मापाचा. हाताला राजेशाही. माझा कल त्याच्याकडे होता, कारण छोट्या दांड्याचा माउथपीस त्यातही चालतो आणि मामांचा जुना साडेसहा एएल मापाचा माउथपीस वाया जाणार नव्हता. मामांनी वीस मिनिटं वाजवला आणि नाही म्हणाले. "हात खूश आहे. पण वरच्या सुरांत हा मागे ओढतो." त्यांचं बरोबर होतं. आम्हाला बिग बँडचा ट्रॉम्बोन हवा होता, आणि हाताच्या नादात आवाज सोडणंही चूकच ठरलं असतं.

तिसरा १२.७ चा. आठ इंची बेल, दिसायला साधा, बेलच्या कडेला दुरुस्त केलेला पोचा. पट्टी बसली, अगदी नेमकी. माझ्या बाखपेक्षा जागा ४ मि.मी. कमी, विकलेल्यापेक्षा ५ मि.मी. जास्त.

आता खरी परीक्षा. पाच मिनिटं उभ्याने नाही. मामा खुर्चीवर बसले आणि मी घड्याळ लावलं. दहा मिनिटं लांब स्वर. मग दहा मिनिटं न वाजवता नुसतं ओठांजवळ धरून बसायचं, जसं रिहर्सलमध्ये बसतो. मग सातव्या पोझिशनवरचे खालचे बी आणि ई, आणि तिथून एकदम पहिल्यावर उडी. अटॅचमेंट नसल्यावर हे स्वर हात पूर्ण लांबवूनच मिळतात, त्यामुळे सगळ्यात मोठा झटका इथेच बसतो. मी कानांऐवजी माउथपीसकडे बघत होतो. तो हलला नाही. चाळीस मिनिटांनी त्यांनी हात उघडून माझ्यासमोर धरला. करंगळीवर ठसा नव्हता.

मग स्लाइड तपासली. बाहेरची स्लाइड काढून उलट फिरवली आणि एकेक नळी एकेकटी सरकवून पाहिली. वरची मोकळी, खालचीही मोकळी. दोन्ही एकत्र घातल्यावर मात्र पाचव्या पोझिशनच्या पुढे किंचित घसटत होती. एकेकटी मोकळी आणि जोडीने अडणारी म्हणजे पोचा नाही, समांतरता गेलेली. दुरुस्तीवाल्याने ते आमच्यासमोरच अर्ध्या तासात सरळ केलं. उलट झालं असतं, एखादी नळी एकटीच अडली असती, किंवा आतल्या नळ्यांच्या टोकांवरचा मुलामा झिजलेला असता, तर मी पट्टी बसूनही सोडून दिला असता. शेवटी आतल्या स्लाइडची दोन्ही तोंडं अंगठ्यांनी बंद करून ती उभी धरली, बाहेरची स्लाइड खाली मऊ रुमालावर धरायला मामा बसले. ती हवेत तरंगल्यासारखी थांबली. हवा गळत नव्हती.

जुलैतलं वाद्य विकून आलेल्या पैशांत शंभर डॉलर घालावे लागले.

नंतर

सप्टेंबरच्या मैफलीत मामांनी दोन्ही सत्रं वाजवली. लांब उड्यांनंतरची चरचर गेली, ती मी ध्वनिमुद्रणात स्वर मोजून तपासली. छोट्या बेलमधून त्यांचा जुना लष्करी आघात बाहेर आला, टाचेने जमीन मारल्यासारखा. आमच्या बँडप्रमुखाला तो आधी जरा टोकदार वाटला, मग दोन रिहर्सलनंतर त्याने तसाच ठेवायला सांगितलं.

सगळंच सुटलं असं नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी करंगळी पहिली दहा मिनिटं ताठच असते. आधी कोमट पाण्यात हात, मग बसून लांब स्वर, आणि रिकाम्या आठ मात्रा मिळाल्या की वाद्य मांडीवर, असं त्यांनी स्वतःला लावून घेतलंय. धरून बसण्याची सवय लष्कराची, ती मोडायला वेळ लागला.

पट्टी त्यांच्या केसमध्ये आहे, माउथपीसच्या खणात. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त पोलीस बँडवाल्याला ट्रॉम्बोन घ्यायचाय, तो ही पट्टी मागतोय. मी म्हटलं, "मामा, ती नका देऊ. त्यांना घरी बोलवा, मूठ वळायला सांगा आणि त्यांच्या हाताची नवी कापा."

"कापली," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा दोन सूत कमी आहे."